गणपत बोरुडेचा दहावा

सोम., १० नोव्हें.

साहेब आले. "चार दिवस हाय, कुनाला सांगू नका" म्हणाले. सांगायचं कशाला, सकाळी आठलाच ऑफिसच्या दारात चपलांचा ढीग. चहाचं पातेलं तीनदा चढवलं. माझ्या गुडघ्यांची कुणाला पर्वा?

दिल्लीत पाच मंत्र्यांची समिती आहे. समुद्रापलीकडच्या त्या युद्धात आपलं सैन्य पाठवायचं की नाही, ते ठरवणार. दोन जण हो म्हणतात, दोन नाही. पाचवे आमचे साहेब. टीव्हीवाले रोज बोंबलतायत.

आणि हे काय म्हणतात? "बाई, दहाव्यांची यादी काढा. उद्यापास्नं घाटावर जायचं."

म्हटलं, जग पेटलंय आणि तुम्ही दहावे कसले करता?

"माझं डोकं घाटावरच चालतं, बाई."

ते मात्र खरं. हा माणूस दहाव्यांवर निवडून येतो. लग्न चुकवेल, दहावा नाही. नदीकाठी पिंड मांडलेला, माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली, आणि साहेब माइकवर दोन शब्द बोलणार. ते दोन शब्द लिहून द्यायचे मी. वीस वर्षं झाली. शाळेतली कारकुनी सोडून ही कारकुनी.

दिवसभर नगरकडून रेंजवरचं फायरिंग ऐकू येतंय. रणगाड्यांचा सराव. इथे देवळाली प्रवरापर्यंत काचा थरथरतात. सवय आहे, तरी आज दचकले.

लेकीचा, मुक्ताचा, फोन नाही.


मंगळ., ११ नोव्हें.

सकाळी दोन दहावे. दोन्हीकडे कावळा पटकन शिवला. साहेब खूश.

दुपारी नाना. तालुक्याचं सगळं राजकारण नाना बघतात, म्हणजे निदान असं नाना सांगतात. उसाच्या टोळ्यांपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळं त्यांना कळतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"साहेब, पाठवा बिनधास्त. मतदानाच्या आत पोरं परत आली तर फुलंच फुलं."

"आन न्हाई आली तर?"

"तरी फुलंच, साहेब."

मी कपबशा उचलल्या. एक आपटली. मुद्दाम.

नाना गेल्यावर साहेब म्हणाले, "बाई, एक श्रद्धांजली लिहून ठेवा. जवानाची. घाटावर वाचायची."

"अजून कोण गेलंय?"

"कुनी न्हाई. तयार असावी. आन रिकामी जागा ठिवू नका, सांगून ठिवतो."

ही रिकाम्या जागेची भानगड जुनी. साहेब जिल्हा परिषदेत होते तेव्हाची. नाव नंतर भरू म्हणून मी कागदावर फुल्या मारल्या होत्या आणि साहेबांनी भर घाटावर वाचलं, "कैलासवासी फुली फुली फुली यांच्या जाण्याने..." पिंडापुढे माणसं हसली. तेव्हापासून आमचा नियम. मसुद्यात नाव हवंच. खरं कळेपर्यंत मनातलं घालायचं. मी घातलं, कै. गणपत सखाराम बोरुडे. असा माणूस कुठेही नाही. वीस वर्षांत मी त्याला शेतकरी केलं, शिक्षक केलं, सोसायटीचा चेअरमन केलं. शेकडो वेळा मारलं बिचाऱ्याला.

आज लिहिलं, वीर जवान गणपत सखाराम बोरुडे. जवान पहिल्यांदाच केलं. लिहिताना उगाच बोटं गार पडली. पंखा बंद केला.


बुध., १२ नोव्हें.

मुक्ताचा फोन. चारच मिनिटं. लष्करात डॉक्टर, कॅप्टन झाली तरी फोनवर "आई, जेवलीस का" आधी. म्हणाली, कुजबुज आहे, सैन्य जाईल न जाईल, पण दवाखाना नक्की जाईल. गेला तर त्यांचंच युनिट पहिलं.

"तुझ्या साहेबांना विचार ना."

"मी नाही विचारत. ऑफिसातलं ऑफिसात."

"बरं केलंस. मी पण गंमत केली." मग थोडं थांबून, "मला जायची भीती नाही गं. तुझीच वाटते."

संध्याकाळी साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले. मी यादी घेऊन उभी. स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मित्र देश मागतोय, न्हाई कसं म्हनायचं? तिकडं आपली इतकी पोरं कामाला हायत, तेल तिकडचं. हो म्हनलं तर परक्याच्या आगीत हात. दिल्लीवाल्यांनी मधला रस्ता काढलाय. लढाया न्हाई जायचं. फकस्त दवाखाना धाडायचा. दोन्हीकडचे खूश."

मी यादी पाठीमागे धरली.

"पन बाई, दवाखाना गेला की त्याला राखन लागती. राखनीला रसद लागती. रसदीला रस्ता. आन रस्ता राखाया रनगाडा. मळ्यात पहिलं पाणी सोडलं की बांध कुठं फुटंल ते पाणीच ठरवतं."

बोलावं वाटलं, साहेब, तिथं माझी मुक्ता आहे. नाही बोलले. वीस वर्षं कुणाची बदली, कुणाचं काम घेऊन लोक येतात तेव्हा मी मनात नावं ठेवते. आता मी तेच करायचं? आणि हिला वगळलं तर दुसऱ्या कुणाची जाणार ना. झोपताना देवापुढे मात्र निर्लज्जपणे मागितलं. माझी नको. माझी नको.


गुरु., १३ नोव्हें.

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळी साडेनऊ. ऑफिसचा जुना फोन, तारेचा, हल्ली महिन्यातून एकदा वाजतो. उचलला. बाईचा आवाज, म्हातारा. मागे पाण्याचा खळखळाट.

"दहावा हाय. सायबांनी यावं."

मी सवयीने पेन घेतलं. "नाव सांगा."

"गनपत सखाराम बोरुडे."

मी लिहिलंसुद्धा. पूर्ण नाव लिहून झाल्यावर कळलं मी काय लिहिलं.

"उद्याच्याला. साडेसातला. राजूरच्या अलीकडं, नदीच्या घाटावर." वाडीचं नाव सांगितलं. फोन ठेवला.

बबन ड्रायव्हर म्हणाला, "कोनीतरी चेष्टा केली, बाई. नानांचंच काम." पण ते नाव नानांना कसं ठाऊक असणार? ते फक्त माझ्या कच्च्या मसुद्यांत असतं. कच्चे मसुदे मी फाडते.

साहेबांना सांगितलं. आधी खदाखदा हसले. मग हसणं थांबलं. म्हणाले, "जायचं."

"साहेब, तो आपला मतदारसंघ नाही. आणि असा माणूसच नाही."

"ज्याला वीस वर्स वापरला त्याच्या दहाव्याला जायला नको?"


शुक्र., १४ नोव्हें.

पहाटे पाचला निघालो. बबन, साहेब, मी. पोलिसांची गाडी साहेबांनी संगमनेरलाच थांबवली. अकोले सोडल्यावर अंगात भरणारी थंडी. राजूरच्या आधी एक फाटा, कच्चा रस्ता, खाली प्रवरा.

माणसं आधीच बसलेली. चाळीसेक असतील. सगळी नदीकडे तोंड करून. मांडव नाही, माइक नाही, फ्लेक्स नाही. मंत्र्याची गाडी आली की लोक उठतात, निदान माना तरी वळवतात. एक मान वळली नाही. बबन हळूच म्हणाला, "बाई, मी गाडीतच थांबतो." एरवी घाटावरची बुंदी न सोडणारा माणूस.

खुर्चीवर मयताचा फोटो असतो, तिथे फोटो नव्हता. एक टोपी होती. खाकी, विटलेली, झेंडूचा हार घातलेली.

एक म्हातारा पुढे आला. सगळे त्याला पाटील म्हणत होते. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कधी वारले?"

"ठावं न्हाई."

"म्हंजी?"

"आमच्या पणजाच्या वक्ताचा हाय त्यो. गोऱ्याच्या लढाईला गेल्ता, जहाजातनं. परक्याचीच लढाई ती. जाताना गावानं गूळ वाटला म्हनं. पुन्हा सांगावा न्हाई, कागुद न्हाई. तिथी ठावं न्हाई म्हून कार्तिक वद्य दशमी धरली. दरसाल दहावा करतो. कावळा कधी शिवला न्हाई."

मी विचारलं, "फोन कुणी केला आम्हाला?"

"फोन? आमी न्हाई केला, बाई. हितं कुठला फोन लागतोय."

"एक म्हातारी बाई बोलत होती."

पाटलांनी माझ्याकडे बघितलं आणि नदीकडे बघितलं.

भटजींनी पिंड मांडला. काठावर एक उंबर आहे. त्यावर कावळेच कावळे. इतके कावळे आणि एकाचीही काव नाही. असं मी जन्मात ऐकलं नाही, म्हणजे न ऐकणं ऐकलं नाही. अर्धा तास गेला. मग एकेक माणूस उठून पिंडापुढे हात जोडू लागला. मयताची इच्छा अडकली असेल तर शब्द द्यायचा, तशी पद्धतच आहे.

"गनपतबाबा, तुझी हीर बुजिवली न्हाई आमी."

"तुझ्या भावाची पोरं नीट हायत, बाबा."

"तुझी आई वाट बघून गेली, पन तिचं सगळं रीतसर केलं."

शाळेत पाढे म्हणतात तसं. दरसालची वाक्यं असणार. कावळे हलले नाहीत. मग पाटील साहेबांकडे वळले.

"आता तुमी बोला."

"मी काय बोलू? माझं त्याचं काय नातं?"

"आजवर आमीच बोललो. आमी त्येची मानसं. पाठवनारं कुनी कदी हितं आलं न्हाई."

साहेबांनी खिशातून माझा कागद काढला. वीर जवानवाला. बघितला. परत ठेवला. बूट काढले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला हा माणूस पिंडाजवळ उकिडवा बसला आणि बोलायला लागला. माइकशिवाय बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ओठ हलत होते. पाण्याच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मधेच हात पिंडाकडे केला, मुलाला समजवावं तसा. एकदा मान नकारार्थी हलवली. एकदा होकारार्थी. मी पुढे सरकले तर पाटलांनी हात आडवा धरला.

मग कावळा आला. उंबरावरचा नाही. पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून, एकटा. पिंडाला चोच लावली. साहेबांकडे बघत थांबला. गेला.

इतक्या पिढ्यांनी शिवला. मला वाटलं आता माणसं रडतील, पाया पडतील. कुणी "शिवला" असं म्हटलंसुद्धा नाही. उठले, धोतरं झटकली, चढणीला लागले. पाटलांनी टोपी उचलली. "तुमी त्याला सबुद दिलाय. काय दिला त्ये आमाला नगा सांगू. त्येला म्हाईत हाय."

संगमनेरला चहा. साहेबांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"काय सांगितलंत त्याला?"

"त्याचं माझं हाय ते."

मग माझा बांध फुटला. म्हटलं, साहेब, तो दवाखाना जायचा म्हणता, त्यात माझी मुक्ता आहे.

"ठावं हाय, बाई. यादीत नाव वाचूनच आलो मी. म्हून तर चार दिस हितं बसलो."

रडले. चहाच्या टपरीवर, पोलिसांसमोर. लाज वाटली नाही.


शनि., १५ नोव्हें.

साहेब दिल्लीला गेले. जाताना म्हणाले, देवाला नमस्कार करा. कशासाठी ते नाही सांगितलं.

आठवत बसले. लग्नानंतर ह्यांची शाळा दोन वर्षं राजूरला होती. रविवारी आम्ही वाड्यावाड्यांतून फिरायचो. एका चावडीच्या भिंतीत दगडी पाटी होती, या गावातून इतके लोक लढाईला गेले, अशी. खाली नावं. हे वाचून दाखवायचे. तिथलंच नाव माझ्या डोक्यात बसलं असणार. हो, तसंच. मेंदू कुठे काय ठेवतो आणि कधी काढतो.

एवढं कळल्यावर बरं वाटलं. मग फोन आठवला.


सोम., १७ नोव्हें.

आज साधा दहावा, एका मुकादमाचा. सवयीने "कै. गणपत" लिहायला गेले आणि हात थांबला. त्याला कावळा शिवला. सुटला तो. सुटलेल्याला परत कसं मारायचं? पहिल्यांदाच खरं नाव कळेपर्यंत मसुदा लिहिला नाही. दोन तास वाट बघितली.

रेंजवरचं फायरिंग बंद आहे. तीन दिवस झाले. बबन म्हणतो, रणगाडे गाड्यांवर चढवून कुठंतरी नेले. बबन काहीही म्हणतो.


बुध., १९ नोव्हें.

मु.चा फोन. बॅगा भरायला सांगितल्यात. कुठे ते नाही सांगितलं. सगळ्यांना लस टोचली. "कसली?" म्हटलं. "आई, ती इथल्या रोगांची नाहीये." दंड सुजलाय म्हणाली. हळद लाव म्हटलं. डॉक्टरला हळद लाव म्हणणारी आई मीच असेन. दोघी हसलो.

"साहेब काही बोलले?"

"ऑफिसातलं ऑफिसात," म्हटलं. ह्या वेळी ते मलाच खोटं वाटलं.


गुरु., २० नोव्हें.

समितीची बैठक झाली. टीव्हीवर नुसत्या गाड्या, दारं, हात जोडणं. निर्णय उद्या सांगणार.

चारला साहेबांचा फोन. आवाज बसलेला.

"बाई, ते लिहिलेलं पाठवा. जवानाचं."

"म्हणजे ठरलं?"

"तयार असलेलं बरं."

"साहेब, काय ठरलं ते सांगा. मी आई आहे तिची."

दिल्लीच्या त्या खोलीत कुठेतरी नळ चालू असावा, पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बाई, तुमी भटाच्या घरच्या. एक सांगा. मानूस पिंडापुढं खोटं बोलला तर कावळ्याला कळतं का?"

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"कळत असंल तर तो शिवायला नको हुता," साहेब म्हणाले. "आन कळूनबी शिवला असंल, तर?" फोन ठेवला.

मसुदा काढून बसले. वीर जवान. पुढे गणपतचं नाव खोडलं. जागा रिकामी. रिकामी जागा नको, नियम आहे. पण कुणाचं घालू? कुठलंही मनातलं नाव घातलं तर ते कुठल्यातरी आईचं असणार. गणपतसुद्धा मनातलाच होता की. आणि हात एकाच नावाकडे जातोय. लिहिलं नाही अजून, पण पेनाचं टोक म वर टेकलंय, ठिपका पडलाय. पेन उचललं. देवा.

शेवटी लिहिलं, वीर जवान वसुधा माधव कुलकर्णी. वय अठ्ठावन्न, गुडघेदुखी. कसली जवान न काय. असू दे. एक नाव लागतं ना? मग माझं घ्या. काय द्यायचंय ते माझ्या नावावर द्या. साहेबांना पाठवून दिलं.

त्यांनी वाचलेलं दिसतंय. उत्तर नाही.


शुक्र., २१ नोव्हें.

सहालाच उठले. अंघोळ, पूजा. गच्चीवर भाताचा घास ठेवला. कावळा आला, घासाभोवती फिरला, न खाता गेला. मेल्यांना हल्ली फरसाण लागतं.

ऑफिसात येऊन मुक्ताला चारदा लावला. बंद. टीव्हीवर "थोड्याच वेळात". बबन किल्ल्या घेऊन दारात उभा, आत येत नाही.

साडेनऊ. जुना फोन वाजतोय. तारेचा.

बबन म्हणाला, "बाई, नका उचलू."

वीस वर्षांत मी एक फोन चुकवलेला नाही. हा वाजतोय तोवर हे लिहितेय. नाव माझंच असू दे, एवढंच म्हणतेय.

उचलला. आधी पाणी. मग तोच म्हातारा आवाज, "दहावा हाय."

"नाव सांगा," म्हटलं. "मी लिहून घेते."